वाचकांचे प्रश्न : मसाजचे पैसे आरोग्य विम्यातून केव्हा मिळतात?

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांकडून खासगी आरोग्य विमा आणि मसाज यांविषयी आलेली पत्रे बरीच साठली होती, म्हणून या वेळचा स्तंभ त्यांनाच दिला आहे. सर्व रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत. प्रत्येक फंडाचे, म्हणजे आरोग्य विमा देणाऱ्या संस्थेचे, आणि प्रत्येक पॉलिसीचे नियम थोडेफार वेगळे असतात, तेव्हा खाली दिलेली उत्तरे आपल्या पॉलिसीच्या कागदाशी ताडून पाहावीत.

प्रश्न : संगणकासमोर बसून माझी मान आणि खांदे सतत आखडलेले असतात. घराजवळच्या शॉपिंग सेंटरमधील मसाजच्या दुकानात तासाभराचे ९० डॉलर देऊन मी मसाज करून घेतला आणि पावती फंडाला पाठवली. फंडाने ‘ही सेवा पात्र नाही’ असे कळवले. माझ्याच कार्यालयातील एका सहकाऱ्याला मात्र त्याच फंडाकडून मसाजचे पैसे नियमित मिळतात. असे का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : आपल्या दोघांचा फंड एक असला तरी मसाज करणारी व्यक्ती एक नाही, आणि फंडाच्या दृष्टीने तीच बाब निर्णायक असते. रुग्णालयाबाहेरच्या उपचारांसाठी जो विमा असतो, ज्याला आपण सगळे ‘एक्स्ट्राज’ म्हणतो, त्यात बहुतेक फंड ‘रेमेडियल मसाज’ या नावाखाली पैसे देतात. दुखणे, आखडणे किंवा दुखापत अशा ठरावीक तक्रारीची आधी विचारपूस आणि तपासणी करून, तिच्यासाठी आखून केलेला आणि ज्याची नोंद ठेवली आहे असा उपचार त्यांना अपेक्षित असतो. थकवा घालवण्यासाठी केलेला आरामाचा मसाज, गरम दगडांचा मसाज किंवा स्पामधील तेलमालीश कितीही सुखावह असली तरी ती यात बसत नाही.

उपचार करणाऱ्याच्या पात्रतेकडे फंड याहूनही काटेकोरपणे पाहतात. ऑस्ट्रेलियात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, तसेच सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणारे ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर यांची राष्ट्रीय पातळीवर कायद्याने नोंदणी होते. मसाज थेरपिस्टची तशी नोंदणी नाही. मग फंडाने विश्वास ठेवायचा कोणावर? त्यासाठी व्यावसायिक संघटनांची व्यवस्था आहे. रेमेडियल मसाजची पदविका घेतलेली व्यक्ती अशा संघटनेची सदस्य होते, संघटना तिची पदविका, व्यवसायविमा, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि दरवर्षीचे पुढील प्रशिक्षण तपासते, आणि त्या आधारावर फंड तिला ‘प्रोव्हायडर नंबर’ देतो. मसाजचा ‘सर्टिफिकेट चार’ हा अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती कायदेशीरपणे मसाज करू शकते, पण तेवढ्यावर फंडाची मान्यता सहसा मिळत नाही. शॉपिंग सेंटरमधील काही दुकानांत मान्यताप्राप्त थेरपिस्ट असतात हेही खरे. परंतु त्या दिवशी आपल्याला मसाज करणारी व्यक्ती तीच होती का, हा प्रश्न उरतोच, कारण मान्यता दुकानाला नसते, व्यक्तीला असते. अनेक फंडांच्या बाबतीत तर ती त्या व्यक्तीला एका ठरावीक पत्त्यापुरतीच असते.

म्हणून टेबलावर आडवे होण्यापूर्वी, खरे तर वेळ ठरवतानाच, दोन गोष्टी विचाराव्यात : आज मला उपचार देणारी व्यक्ती माझ्या फंडाकडे नोंदलेली आहे का, आणि पावती तिच्याच नावाने आणि तिच्याच नंबरने मिळेल का. ‘आमच्याकडे सगळे फंड चालतात’ हे उत्तर पुरेसे समजू नये. बऱ्याच फंडांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर थेरपिस्टचे नाव शोधता येते. ते न जमल्यास फोन करून विचारावे.

या प्रसंगी २०१९ च्या बदलाचीही आठवण ठेवावी. १ एप्रिल २०१९ पासून सरकारने १६ नैसर्गिक उपचारपद्धती खासगी विम्याच्या कक्षेतून काढल्या. होमिओपॅथी, अरोमाथेरपी, रिफ्लेक्सॉलॉजी, योग, पिलाटेस, ताई ची ही त्यांतील काही नावे. रेमेडियल मसाज त्या यादीत नव्हता, तो तसाच राहिला. पण तळपायाच्या मसाजची पावती ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ म्हणून मिळाली तर तिचे पैसे मिळणार नाहीत. त्या यादीचा सरकारने पुढे फेरआढावा हाती घेतला, त्यामुळे योग किंवा पिलाटेस यांसारख्या पद्धतींबाबत आजची स्थिती फंडाकडूनच जाणून घ्यावी.

प्रश्न : आमच्या भागातील एका दुकानात पावतीवर हवे ते लिहून देतात. आरामाचा मसाज घेतला तरी ‘रेमेडियल’ लिहितात, आणि माझी वार्षिक मर्यादा संपली असेल तर पत्नीच्या नावाने पावती करतात. विमा कौटुंबिक आहे, हप्ता मीच भरतो, मग यात गैर काय? (एक वाचक, सिडनी)

उत्तर : ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि हप्ता कोण भरतो याच्याशी तिचा संबंध नाही. कौटुंबिक पॉलिसीतही मसाजची मर्यादा सामान्यतः प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र असते आणि ज्याच्या अंगावर उपचार झाला त्याच्याच नावाने दावा करता येतो. फंड थेरपिस्टच्या नोंदी तपासण्यासाठी मागवू शकतात. एकाच व्यक्तीच्या नंबरवर एका दिवसात माणसाला शक्य नाहीत इतके तास दाखवले गेले, किंवा डिसेंबरच्या अखेरीस एकाच घरातील चौघांचे दावे एकापाठोपाठ आले, की ते संगणकाच्या नजरेतून सुटत नाहीत. दावा खोटा ठरल्यास दिलेले पैसे वसूल होतात, सदस्यत्व रद्द होऊ शकते आणि प्रकरण पोलिसांपर्यंतही जाऊ शकते. व्हिसा किंवा नागरिकत्वाची प्रक्रिया चालू असलेल्या कुटुंबाने चाळीस-पन्नास डॉलरसाठी हा धोका का पत्करावा, हे मला तरी समजत नाही.

याच ओघात प्रामाणिक वाचकांकडूनही नकळत होणाऱ्या दोन चुका सांगून ठेवतो. दहा मसाजांचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतले, तर दावा प्रत्येक मसाज झाल्यानंतर त्या त्या तारखेचाच करता येतो. संपूर्ण पॅकेजची पावती पहिल्याच दिवशी पाठवून चालत नाही. आणि थेरपिस्ट आपलीच पत्नी, पती किंवा जवळचा नातेवाईक असेल, तर बहुतेक फंड पैसे देत नाहीत, मग पावती कितीही निर्दोष असो.

प्रश्न : माझी सून दोन महिन्यांत बाळंत होणार आहे. तिला आणि बाळाला सव्वा महिना तेल लावून मालीश करण्यासाठी इथल्याच एक ओळखीच्या मराठी बाई घरी येण्यास तयार आहेत. मुलाच्या विम्यात मसाज आहे. त्यातून हा खर्च निघेल का? (एक वाचक भगिनी, ब्रिस्बेन)

उत्तर : ताई, बहुधा निघणार नाही. त्या बाईंचा हात कितीही तयार असला तरी त्यांच्याकडे रेमेडियल मसाजची पदविका आणि फंडाचा नंबर नसेल, तर पहिल्याच पायरीवर दावा थांबतो. त्यांच्याकडे तो असला, तरी अडचण संपत नाही. काही फंड घरी येऊन केलेला उपचार मान्य करतात, काही फक्त नोंदलेल्या पत्त्यावरचाच करतात. शिवाय रोजची मालीश ही परंपरेने चालत आलेली काळजी आहे. फंडाला मात्र प्रत्येक वेळी तक्रार कोणती, तपासणीत काय आढळले आणि उपचाराने काय फरक पडला याची नोंद हवी असते. सलग चाळीस दिवसांची मालीश त्या साच्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. शिवाय वार्षिक मर्यादा इतकी लहान असते की पाच-सहा दिवसांतच ती संपून जाईल. बाळाच्या मालीशचा दावा तर मनातही आणू नये.

सुनेला बाळंतपणानंतर कंबर किंवा ओटीपोटाची खरीखुरी तक्रार उरली, तर मात्र वेगळा मार्ग आहे. स्त्रियांच्या आरोग्यात विशेष काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे तिला न्यावे. बहुतेक एक्स्ट्राज पॉलिसींमध्ये फिजिओथेरपीची मर्यादा मसाजपेक्षा मोठी आणि स्वतंत्र असते. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर पोटावर आणि कंबरेवर हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, मग मालीश करणारे कोणीही असो. बाईंना मात्र त्यांचा मोबदला आपण आनंदाने खिशातून द्यावा. तो खर्च वाया गेला असे मला वाटत नाही.

प्रश्न : केवळ मसाजसाठी एक्स्ट्राज विमा घेणे परवडते का? माझा हप्ता महिना ४२ डॉलर आहे. मसाजचे १०० डॉलर पडतात, फंड त्यातील ४० देतो आणि वर्षाला २०० डॉलरपर्यंतच देतो. यातून कर तरी वाचतो का? (एक वाचक, पर्थ)

उत्तर : आपणच दिलेले आकडे मांडू. वर्षाचा हप्ता ५०४ डॉलर. महिन्याला एक मसाज धरला तर बारा मसाजांचे १,२०० डॉलर. पहिल्या पाच मसाजांतच २०० डॉलरची मर्यादा संपते आणि पुढील सात मसाजांचे पूर्ण पैसे आपले. म्हणजे ५०४ डॉलर भरून २०० डॉलर परत घेतले. केवळ मसाजसाठी हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि बहुतेक मध्यम पॉलिसींचे गणित याच वळणाने जाते. आपण वर्षातून दोनदा दात तपासून घेत असाल, चष्मा बदलत असाल, मुलांना विम्यात घेतले असेल, तर हिशेब पालटू शकतो. त्यासाठी मागील वर्षभराच्या दात, डोळे आणि फिजिओथेरपीच्या पावत्या काढून प्रत्यक्ष बेरीज करावी. विकणाऱ्याने दाखवलेल्या ‘आठशे डॉलरपर्यंत लाभ’ अशा आकड्यांवरून निर्णय घेऊ नये. त्या आकड्यातील मसाजची मर्यादा अनेकदा अ‍ॅक्युपंक्चर आणि इतर उपचारांबरोबर सामाईक असते, हे कागदावर बारीक अक्षरांत असते.

मर्यादा बहुतेक फंडांत १ जानेवारीला, काहींत १ जुलैला नव्याने सुरू होते आणि न वापरलेली रक्कम सहसा बुडते. नवीन विम्यात मसाजसाठी साधारण दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. ‘दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ माफ’ अशी सवलत फंड अधूनमधून देतात. विमा घ्यायचाच असेल तर तेव्हा घ्यावा. फंड बदलताना जुन्या फंडात पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ नवा फंड मसाजसाठी मान्य करणार का, हे आधी लेखी विचारावे. तसेच जुन्या फंडात या वर्षी वापरलेली मर्यादा नवा फंड वजा करू शकतो.

आता कराविषयी. वरच्या उत्पन्नगटावर जो ‘मेडिकेअर लेव्ही सरचार्ज’ (मेडिकेअर या सरकारी आरोग्ययोजनेसाठीचा जादा कर) लागतो, तो फक्त योग्य रुग्णालयीन विमा असल्यास टळतो. एक्स्ट्राजने टळत नाही. २०२५-२६ या करवर्षात हा सरचार्ज एकट्या व्यक्तीला १,०१,००० डॉलरच्या आणि कुटुंबाला २,०२,००० डॉलरच्या उत्पन्नापुढे लागू होतो. हप्त्यावर सरकारकडून उत्पन्नानुसार मिळणारी सवलत एक्स्ट्राजलाही लागू आहे, परंतु सर्वांत वरच्या उत्पन्नगटाला ती मिळत नाही, आणि आपला हप्ता बहुधा ती वजा करूनच आकारला जात असेल. मसाजसाठी खिशातून गेलेली उरलेली रक्कम करविवरणात दाखवून काही मिळत नाही. वैद्यकीय खर्चावरील जुनी करसवलत १ जुलै २०१९ पासून पूर्णपणे बंद झाली आहे.

प्रश्न : जीपीने, म्हणजे माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी, पाठदुखीसाठी मला उपचारांची योजना करून दिली आहे आणि मेडिकेअरकडून वर्षाला पाच भेटी मिळतील असे सांगितले. त्या मी मसाजसाठी वापरू शकेन का? (एक वाचक, कॅनबेरा)

उत्तर : नाही. दीर्घकालीन आजाराच्या योजनेतील त्या पाच भेटी फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर, व्यायामतज्ज्ञ अशा ठरावीक व्यावसायिकांकडे वापरता येतात. मसाज थेरपिस्ट त्या यादीत नाही. फिजिओथेरपिस्टने स्वतः उपचाराचा भाग म्हणून हाताने दाबून, चोळून स्नायू मोकळे केले, तर ती फिजिओथेरपीची भेट ठरते आणि ते योग्यच आहे. मात्र एकाच भेटीसाठी मेडिकेअर आणि एक्स्ट्राज दोन्हींकडून पैसे घेता येत नाहीत. एकाची निवड करावी लागते. दुखापत कामावर झालेली असेल आणि तिचा भरपाईचा दावा चालू असेल, तर त्या उपचाराचा खर्च आधी भरपाई यंत्रणेकडे मागावा, कारण फंड तो नाकारेल. जीपीची चिठ्ठी एक्स्ट्राजमधील मसाजसाठी सहसा लागत नाही.

प्रश्न : आई-वडील सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले आहेत. वडिलांचे गुडघे आणि आईची कंबर दुखते. माझ्या विम्यातून त्यांच्या मसाजचा दावा करता येईल का? (एक वाचक भगिनी, अ‍ॅडलेड)

उत्तर : आपल्या कौटुंबिक पॉलिसीत आई-वडील येत नाहीत, त्यामुळे आपल्या कार्डावर त्यांचा दावा करता येणार नाही. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवा करार नसल्याने मेडिकेअरही त्यांना लागू नाही. पाहुण्यांसाठी जो विमा घेतला असेल त्याच्या कागदात एक्स्ट्राज आहे का, ते पाहावे. स्वस्त पॉलिसींत नसतो. शिक्षणासाठी आलेल्या मुलामुलींच्या सक्तीच्या विम्यातही सामान्यतः मसाज नसतो. आणि एक उलट प्रश्नही वाचक विचारतात, म्हणून सांगतो : सुट्टीत पुण्याला किंवा केरळात जाऊन करून घेतलेल्या मसाजचे पैसे ऑस्ट्रेलियातील फंड देत नाही.

प्रश्न : मी महाराष्ट्रातून बी.ए.एम.एस. केले असून पंचकर्माचा अनुभव आहे. मी इथे अभ्यंग करून दिल्यास ग्राहकांना फंडाकडून पैसे मिळतील का? त्यासाठी मला काय करावे लागेल? (एक वाचक भगिनी, सिडनी)

उत्तर : केवळ बी.ए.एम.एस.च्या आधारावर नाही. चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांची इथे राष्ट्रीय नोंदणी होते, आयुर्वेदाची होत नाही. त्यामुळे आपली पदवी फंडाच्या चौकटीत आपोआप कुठेच बसत नाही. ज्यांना हा व्यवसाय गांभीर्याने करायचा आहे त्यांनी रेमेडियल मसाजची पदविका घ्यावी, हाच माझा सल्ला राहील. शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे आपले ज्ञान वाया जाणार नाही : मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेकडे पूर्वशिक्षणाला मान्यता मिळण्यासाठी अर्ज केल्यास काही विषयांतून सूट मिळू शकते. पदविका पूर्णपणे दूरशिक्षणाने देणाऱ्या संस्थांपासून सावध राहावे, कारण प्रत्यक्ष देखरेखीखालील प्रशिक्षणाशिवाय घेतलेल्या पदविकेला संघटना आणि फंड सहसा दाद देत नाहीत. प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वीच, ज्या संघटनेचे सदस्य व्हायचे आहे तिला या संस्थेची पदविका चालते का, असे विचारून घ्यावे.

पुढची पायरी कागदपत्रांची आहे आणि बरेच कुशल हात तिथेच अडखळतात. प्रत्येक ग्राहकाची तक्रार, तपासणी, केलेला उपचार आणि परिणाम यांची नोंद इंग्रजीतच ठेवावी लागते, कारण फंडाने मागितल्यास ती वाचता आली पाहिजे. पावतीवर आपले नाव, प्रोव्हायडर नंबर, उपचाराचा पत्ता, रुग्णाचे नाव, उपचाराची तारीख, प्रकार आणि रक्कम स्पष्ट हवी. जागा बदलली तर नव्या पत्त्याची नोंद आधी करावी. मसाज वस्तू व सेवा करातून मुक्त नाही, म्हणून वार्षिक उलाढाल ७५,००० डॉलरवर गेल्यास त्याची नोंदणी करून दहा टक्के कर आकारावा लागेल. आणि सर्व सिद्धता झाल्यावरही, एखाद्या ग्राहकाला शुद्ध अभ्यंगच हवे असेल तर ते खुशाल द्यावे, पण पावतीवर अभ्यंगच लिहावे.

प्रश्न : दोन वर्षे मी एकाच थेरपिस्टकडे जात होतो आणि दर वेळी कार्ड फिरवले की फंडाचा भाग लगेच वळता होत असे. अलीकडे कार्ड चालेना, म्हणून पूर्ण पैसे भरून पावत्या फंडाला पाठवल्या. तीन दावे नाकारले गेले. त्यांचे संघटनेचे सदस्यत्व संपल्याचे फंडाने कळवले. थेरपिस्ट म्हणतात, ‘तुम्ही फंडाशी बोला.’ आता काय करावे? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : प्रथम फंडाकडून मान्यता नेमकी कोणत्या तारखेला संपली हे लेखी घ्यावे. तीनपैकी एखादा उपचार त्या तारखेपूर्वीचा असेल तर तो दावा पुन्हा सादर करावा. बहुतेक फंड उपचारापासून दोन वर्षांपर्यंतचे दावे स्वीकारतात. सदस्यत्व नूतनीकरणाला केवळ उशीर झाला असेल, तर फंड कधी कधी मधल्या काळाची मान्यता पूर्ववत करतो, म्हणून थेरपिस्टनी आपल्या संघटनेशी बोलून ते करून घ्यावे अशी लेखी विनंती करावी.

ते न झाल्यास, कार्ड चालत नसल्याचे कारण थेरपिस्टना ठाऊक असूनही त्यांनी ते लपवले का, यावर पुढचे अवलंबून आहे. लपवले असेल तर ग्राहक कायद्यानुसार परतावा मागण्याचा आपल्याला आधार आहे आणि त्यासाठी ‘कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया’कडे जाता येते. राष्ट्रीय नोंदणी नसलेल्या आरोग्य व्यावसायिकांनाही राज्याची आचारसंहिता लागू असते. पात्रतेविषयी दिशाभूल झाली असेल तर व्हिक्टोरियाच्या आरोग्य तक्रार आयुक्तांकडे तक्रार करता येते. फंडाचाच निर्णय चुकीचा वाटत असेल तर आधी फंडाच्या तक्रार विभागाला लिहावे, आणि त्यांच्या उत्तराने समाधान न झाल्यास कॉमनवेल्थ ओम्बुड्समनकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, जावे. खासगी आरोग्य विम्याच्या तक्रारी तेच कार्यालय विनाशुल्क हाताळते. अर्जासोबत तिन्ही पावत्या, फंडाची पत्रे आणि थेरपिस्टशी झालेल्या संदेशांच्या प्रती जोडाव्यात. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव टिपून ठेवावे.